रोटर अडकला? आधी पकड खाली ठेवा

पितळी फुंकवाद्य वाजवणाऱ्या कुणाचा "व्हॉल्व्ह जाम झालाय, काय करू?" असा निरोप आला की मी आधी एकच गोष्ट विचारते: नक्की काय हलत नाही, बोटाने दाबायची लिव्हर, की तिच्यामुळे व्हॉल्व्हच्या आत फिरणारा गोल तुकडा, म्हणजे रोटर? बऱ्याच जणांनी हा फरक कधी पाहिलेलाच नसतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. बोटाखाली लिव्हर असते, ती दाबली जात नाही, म्हणजे व्हॉल्व्ह अडकला. पण लिव्हर आणि रोटर यांच्यामध्ये दोरा असतो, नाहीतर दोन्ही टोकांना गोळीचे सांधे असलेली छोटी दांडी असते. शिवाय स्प्रिंग असते, रोटरला जागेवर थांबवणारा स्टॉप आर्म असतो, तो जिथे आपटतो तिथे कॉर्कचे किंवा रबराचे तुकडे असतात. यातलं काहीही बिघडलं तरी बोटाला जाणवतं ते सारखंच.

मी फ्रेंच हॉर्न वाजवते. आमच्या हौशी वाद्यवृंदात रोटरी व्हॉल्व्ह असलेलं काहीही अडलं की ते फिरत फिरत माझ्या टेबलावर येतं: हॉर्न, ट्युबा, ट्रॉम्बोनचा एफ-व्हॉल्व्ह. दुरुस्ती हा माझा व्यवसाय नाही, पण हे काम मला मनापासून आवडतं. आणि इतकी वाद्यं पाहिल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगू शकते. अडकलेल्या रोटरमुळे वाद्याचं सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते तो सोडवण्याच्या घाईत. मागे एक डबल हॉर्न, म्हणजे नळ्यांचे दोन संच असलेला फ्रेंच हॉर्न, आला होता. अंगठ्याचा व्हॉल्व्ह हलेना म्हणून कुणीतरी स्टॉप आर्म पकडीत धरून पिळला होता. पितळ मऊ असतं. आर्मवर पकडीचे दात उमटले होते, आर्म वाकला होता, आणि रोटर होता तिथेच होता. तो रोटर पुढे पातळ तेल आणि एका रात्रीच्या वाट पाहण्यावर सुटला. आर्मसाठी मात्र दुरुस्तीकाराकडे जावं लागलं.

आत काय चाललेलं असतं ते डोळ्यांसमोर आलं की हात आपोआप हलका होतो, म्हणून थोडं तेही सांगते. व्हॉल्व्हचा दुसरा प्रकार म्हणजे पिस्टन. तो वरखाली जातो आणि वरचं झाकण फिरवलं की हातात येतो. रोटर जागच्या जागी पाव फेरा फिरतो. पितळी घरात बसलेला एक आखूड गोल तुकडा, त्यात हवेसाठी कोरलेल्या दोन वाटा. लिव्हर सुटी असताना हवा थेट पुढे जाते. दाबली की रोटर ९० अंशांत वळतो आणि तीच हवा जास्तीच्या नळीतून वळसा घालून येते. व्हिएन्नाच्या योझेफ रीडलने या यंत्रणेचं पेटंट घेतलं ते १८३५ मध्ये. आज वापरात असलेला पिस्टन पॅरिसच्या पेरिनेचा, १८३९ चा. दोन्ही जवळपास एकाच वयाचे, पण पिस्टन रोज बाहेर काढून पुसता येतो आणि रोटर वर्षानुवर्षं आतच राहतो. त्याच्या अंगावर काय साठतंय ते दिसत नाही. तो अडकतो तेव्हाच कळतं.

रोटर आणि त्याचं घर यांच्यातली फट मिलीमीटरच्या काही शतांश भागांइतकी असते, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा कमी. रोटरच्या एका टोकाला लांब दांडा असतो. तो घरातून बाहेर येतो आणि त्यावर स्टॉप आर्म स्क्रूने बसवलेला असतो. दुसऱ्या टोकाला आखूड खुंटी असते, ती बेअरिंग प्लेटच्या भोकात फिरते. ही प्लेट घरात दाबून बसवलेली असते आणि तिच्यावर आट्यांचं झाकण असतं. खरा भार या दोन बेअरिंगांवर असतो. रोटरचं अंग घराला घासत नाही, ते तेलाच्या पातळ थरात तरंगत असतं. तो थर वाळला, चिकट झाला, किंवा त्याच्या जागी क्षार आणि कळंक आला, की रोटर बसला.

आता तपासणी. सगळ्यात आधी लिव्हरपासून रोटर सुटा करा. दोऱ्याचा व्हॉल्व्ह असेल तर स्टॉप आर्मवरचा छोटा स्क्रू सैल करून दोरा काढा. काढण्याआधी फोटो काढा, कारण दोरा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवलेला असतो आणि नंतर कुठून कुठे गेला होता ते आठवत नाही. दांडीचा व्हॉल्व्ह असेल तर एका टोकाचा स्क्रू काढा. मग स्टॉप आर्म अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हलकेच फिरवून बघा. आर्म मोकळा फिरला तर रोटरला काहीही झालेलं नाही. लिव्हरची स्प्रिंग तुटलेली असेल, आपल्या जागेवरून घसरली असेल, दोरा झिजून त्याचे धागे आर्मखाली गुंतले असतील, गोळीच्या सांध्यात घाण साचली असेल, लिव्हरचा आसच सुकला असेल. या सगळ्यावर इलाज सोपा आहे आणि रोटरला हात लावायचंही कारण नाही.

आर्म फिरला नाही तर पुढची तपासणी झाकणाची. हे माझं आवडतं काम आहे, कारण अर्ध्या मिनिटात होतं आणि कधीकधी तिथेच सगळं संपतं. मागचं झाकण अर्धा फेरा सैल करा आणि आर्म पुन्हा हलवून बघा. झाकणाला मध्यभागी पोचा पडला असेल तर ते आतून रोटरच्या खुंटीवर टेकतं आणि रोटरला दाबून धरतं. वाद्य पेटीत ठेवताना झाकणावर आपटलं की असा पोचा सहज पडतो, आणि बाहेरून तो इतका किरकोळ दिसतो की कुणी त्याच्यावर संशय घेत नाही. झाकण सैल केल्यावर रोटर सुटला तर दोष झाकणाचा.

तरीही हलत नसेल तर रोटर खरंच अडकलाय. आता तो कसा अडकलाय ते बोटांना विचारायचं. आर्म थोडा हलतो पण सगळीकडे सारखाच जड लागतो, घट्ट काकवीत फिरवल्यासारखा? मग जुनं तेल आणि स्लाइडचं, म्हणजे ओढून बाहेर काढता येणाऱ्या नळीचं, ग्रीस आत जाऊन वाळलंय. हलताना करकर जाणवते, वाळूचा कण असल्यासारखं? मग क्षार असण्याची शक्यता जास्त. थोडा मोकळा फिरतो आणि दर वेळी नेमक्या त्याच कोनात टक्कन थांबतो? मग घराचा आकार बिघडलाय: जवळच्या नळीला धक्का बसलाय, कुठे पोचा आलाय, किंवा बेअरिंग प्लेट तिरकी बसलीय. शेवटच्या प्रकारात तेलाचा उपयोग नाही. वाद्य सरळ दुरुस्तीकाराकडे न्या. आणि अजिबातच हलत नसेल, तर आत काय आहे ते सुटल्यावरच दिसेल. तोवर ते वाळलेलं तेल आहे असं समजून काम सुरू करायचं, कारण त्यावरचा उपाय सगळ्यात सौम्य आहे.

तो उपाय असा. झाकण काढा, प्लेटच्या मध्यावर जिथे खुंटी दिसते तिथे पातळ, मुरणाऱ्या तेलाचे एकदोन थेंब सोडा. दुसऱ्या बाजूला स्टॉप आर्मच्या खाली, दांडा जिथे घरात शिरतो तिथे एक थेंब. मग त्या व्हॉल्व्हची स्लाइड काढून नळीतून थेट रोटरपर्यंत पोहोचतील असे चार-पाच थेंब. ड्रॉपरची सुई नळीच्या कडांना लागू देऊ नका, नाहीतर तिथलं ग्रीस विरघळून तेलाबरोबर आत जाईल, आणि अडकण्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं. स्लाइड घट्ट म्हणून लोक तिला भरपूर ग्रीस लावतात, वरून पातळ तेल सोडतात, आणि ते मिश्रण ओघळत रोटरवर जाऊन बसतं. स्लाइडला ग्रीस लावाच, पण टोकाकडे पातळ थर आणि आत ढकलल्यावर बाहेर आलेलं पुसून टाकायचं.

तेल घातल्यावर वाद्य झाकणाची बाजू वर करून काही तास ठेवा, मग उलटं करून काही तास. रात्रभर ठेवलंत तर उत्तम. तेलाला केसाहून बारीक फटीत स्वतःहून शिरायचं असतं आणि त्याला घाई करता येत नाही. सकाळी आर्म बोटांनी धरून दोन्ही दिशांना अगदी किंचित हलवायचा. पूर्ण फेरा फिरवायचा हट्ट नको. एखादा अंश हलला तरी पुरे; तिथेच पुढेमागे करत राहा, पुन्हा एक थेंब, पुन्हा थोडा वेळ. जिथे हालचाल सुरू झाली तिथे तेल आत ओढलं जातं आणि हळूहळू फेरा वाढत जातो.

हे सगळं आर्मवरच करायचं, लिव्हरवर नाही. लिव्हरचा हात लांब असतो. बोटाने तिथे लावलेला जोर सांध्यांपर्यंत पोहोचेपर्यंत वाढतो, आणि साखळीतलं सगळ्यात कमकुवत जे असेल ते तुटतं. दोरा तुटला तर नशीब चांगलं. नवा लावता येतो. दांडीचा सांधा वाकला किंवा लिव्हरच पिळली गेली, तर ते काम मोठं. आर्म बोटांत धरला की बोटं जितका जोर देऊ शकतात तितकाच मिळतो, आणि ती मर्यादा मला फार मोलाची वाटते. बोटांनी सुटत नसेल तर अजून वेळ द्यायचा असतो.

ऊब देण्याबद्दल लोक हमखास विचारतात. कोमट हवेने, म्हणजे केस वाळवायच्या यंत्राने, थोडी ऊब दिलीत तर फायदा होतो, पण समजतात त्या कारणाने नाही. घर फुगून रोटर सुटतो अशी कल्पना असते. हिशेब करून बघा: २० मिलीमीटर व्यासाचं पितळी घर २० अंश सेल्सिअसने तापवलं तर व्यास वाढतो तो मिलीमीटरच्या सात-आठ हजारांशांनी. शिवाय रोटरही पितळेचा असेल तर तोही तापून तितकाच वाढतो. खरा फायदा असा की वाळलेलं तेल ऊब मिळाली की मऊ होतं आणि नवं तेल त्यात मिसळतं. त्यासाठी हाताला सोसवेल इतकीच ऊब पुरते. ज्योत, उकळतं पाणी, गरम इस्त्री यांचं इथे काहीही काम नाही. लॅकर, म्हणजे पितळेवरचा चकचकीत संरक्षक थर, जातं, आणि सांध्यांचं डाख ढिलं होऊ शकतं.

तेल आणि ऊब दोन्ही करून, तीनदा-चारदा वाट पाहूनही काही हललं नाही, तर रोटर मागून बाहेर काढावा लागतो. हे काम घरी करावं की नाही, यावर मी ज्याला त्याला वेगळं सांगते. वाद्य जुनं, दुर्मिळ किंवा उसनं असेल तर करू नका. ट्रॉम्बोनवर थेयर पद्धतीचा शंकूसारखा व्हॉल्व्ह असेल तर तो प्रकारच निराळा आहे, त्याला खाली सांगितलेलं लागू होत नाही. पण साधा रोटर असेल, हातात लहान प्लास्टिकची किंवा कच्च्या चामड्याची हातोडी असेल आणि घाई नसेल, तर करता येतं.

झाकण काढून ठेवायचं. दोरा किंवा दांडी सुटी हवी. मग आर्मच्या मध्यावरचा मोठा स्क्रू दोन-तीन फेरे सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही. त्याचं डोकं आर्मपासून दीडदोन मिलीमीटर वर आलं पाहिजे. मांडीवर जाड टॉवेल, त्यावर वाद्य, बेअरिंग प्लेटच्या खाली आपला तळहात. आणि त्या स्क्रूच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके. स्क्रू ठेवायचा कारण ठोका दांड्याच्या टोकावर थेट बसला तर त्याचं तोंड पसरतं, आणि पसरलेलं तोंड बेअरिंगमधून परत बाहेर येत नाही. बऱ्याच रोटरांचा आकार किंचित निमुळता असतो आणि रुंद बाजू प्लेटकडे असते; म्हणून ठोका नेहमी आर्मच्या बाजूनेच. उलट बाजूने ठोकलंत तर तो पाचरीसारखा आणखी घट्ट बसेल. दर दोन-तीन ठोक्यांनंतर खाली बघा. प्लेटची कड घरापासून एखाद्या रेघेइतकी वर आली की समजा, काम झालं. आता आर्म किंचित फिरवून बघा आणि पुन्हा हलके ठोके. प्लेट तळहातावर पडेल. मग स्क्रू आणि आर्म काढायचे, आणि रोटर बोटांनी ओढून घ्यायचा. तो जमिनीवर पडता कामा नये. कडेला लागलेला एक बारीकसा पोचाही त्याला पुन्हा घरात जाऊ देत नाही.

दहा-बारा हलक्या ठोक्यांनी प्लेट हललीच नाही तर थांबा. जोर वाढवू नका. तेल घालून पुन्हा रात्र जाऊ द्या, आणि दुसऱ्यांदाही तेच झालं तर वाद्य दुरुस्तीकाराकडे.

बाहेर आलेला रोटर मी कधीच लगेच धुवत नाही. आधी दिव्याखाली धरून बघते, कारण त्याच्या अंगावर सगळी कहाणी लिहिलेली असते. एका ट्युबाचा तिसरा रोटर असाच बघितला होता. अर्ध्या अंगावर तपकिरी, चहाच्या डागासारखा थर: वाळलेलं तेल. हवेच्या वाटेत तळाशी पांढरट पट्टा, नखाने खरवडला तर भुगा निघेल असा: क्षार. तो ट्युबा नेहमी एकाच कुशीवर ठेवला जायचा आणि श्वासातलं पाणी नेमकं तिथे साचायचं. आणि वाटेच्या कडेला हिरव्या कळंकाचा एक ठिपका. पितळ ओलसर राहिलं की त्यातलं तांबं असं वर येतं. श्वासाच्या वाफेबरोबर लाळ जाते, लाळेबरोबर आपण नुकतंच खाल्लेलं-प्यायलेलं जातं, आणि गोड पेय पिऊन वाजवलं तर साखरही. वाजवण्याआधी तोंड धुवा असं मी सगळ्यांना सांगत असते ते याच ठिपक्यामुळे.

धुणं सोपं. कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण, मऊ ब्रश, सुती कापड. घरासाठी बोटाला गुंडाळलेलं कापड, बेअरिंगच्या भोकांसाठी कापसाची काडी. एका वेळी एकच रोटर बाहेर ठेवा. प्रत्येक रोटर त्याच्याच घराशी घासून जुळवलेला असतो, बहुतेकांवर आकडे कोरलेले असतात, आणि पहिला रोटर दुसऱ्याच्या घरात चालत नाही. क्षारासाठी पाण्यात थोडं व्हिनेगर घालून त्यात काही मिनिटं. बारीक बुडबुडे येतात, तो क्षार विरघळतोय. बुडबुडे थांबले की लगेच काढून साध्या पाण्याने खळखळून धुवा आणि कोरडा करा. जास्त वेळ ठेवलात तर पितळ गुलाबीसर दिसायला लागतं, म्हणजे पृष्ठभागावरचं जस्त निघून गेलं आणि तांबं उरलं.

आणि इथे मी अगदी कळकळीने सांगते: पॉलिश नको, पॉलिश पेपर नको, तारेची घासणी नको. रोटर आरशासारखा चकाकावा ही इच्छा मला समजते. पण केसाहून कमी फटीत घासून काढलेला प्रत्येक थर फट वाढवतो. मग वाद्य गळतं. सुरांना पकड राहत नाही, बांधून वाजवलेले सूर एकमेकांत सांडतात, खालच्या सप्तकात हवा नुसती जाते. ती फट पुन्हा भरून काढायची तर रोटरवर धातूचा मुलामा चढवून तो घराशी नव्याने घासून जुळवावा लागतो. घर आणि रोटर काळपट राहिले तरी चालतं. स्वच्छ आणि काळपट असलेला रोटर उत्तम फिरतो.

परत बसवताना मन सगळ्यात जास्त लागतं. रोटर कोरडा असतानाच घरात सोडून बघा. स्वतःच्या वजनाने हलकेच आत गेला पाहिजे, बोटाने फिरवला तर कुठेही न अडखळता. मग त्याला पातळ तेल, दोन्ही बेअरिंगांना थोडं घट्ट तेल, आणि रोटर जागेवर. आर्म लावा, स्क्रू घट्ट करा. आता बेअरिंग प्लेट. तिच्या कडेवर एक खूण असते आणि घराच्या कडेवर तशीच दुसरी. दोन्ही समोरासमोर हव्यात. प्लेट बोटांनी शक्य तितकी सपाट बसवा, मग तिच्यावर मधल्या उंचवट्याभोवती बसेल अशी छोटी पितळी किंवा लाकडी नळी ठेवून वरून हलके ठोके. एकाच जागी नाही, सगळीकडून सारखे. दर दोन ठोक्यांनी आर्म फिरवायचा. प्लेट एका बाजूने वर राहिली असेल तर आर्म लगेच जड होतो. वर राहिलेल्या बाजूला एक ठोका दिला की पुन्हा मोकळा. हा बदल बोटांना इतका स्पष्ट कळतो की डोळे मिटूनही करता येईल.

आणि आवाज ऐका. प्लेट अजून अधांतरी असताना ठोक्याचा आवाज पोकळ, जरासा खुळखुळता येतो. ती तळाला टेकली की आवाज एकदम भरीव आणि आखूड होतो. तो आल्यावर थांबायचं. त्यापुढचा ठोका फक्त प्लेट वाकवतो. शेवटी रोटरच्या खुंटीवरची खाच बघा. लिव्हर सुटी असताना ती प्लेटवरच्या एका रेघेशी जुळते, दाबलेली असताना दुसऱ्या रेघेशी. जुळत नसेल तर दोष रोटरचा नाही, कॉर्कचा. कॉर्क दबला असेल तर नवा लावायचा, जाड असेल तर धारदार पातीने अगदी थोडा कापायचा. खूण जुळली नाही तर हवेच्या वाटा पूर्ण उघडत नाहीत आणि व्हॉल्व्ह फिरत असूनही सूर कोंदट येतो. व्हॉल्व्ह सोडवला, तरी आवाज दबलेला येतो अशी तक्रार येते तेव्हा मी पहिल्यांदा ही खाच बघते.

दोरा पुन्हा लावताना एक गोष्ट: लिव्हर सुटी असताना बाकीच्या लिव्हरांच्या पातळीत यावी म्हणून आर्मवरचा छोटा स्क्रू सैल ठेवून लिव्हर हव्या त्या उंचीवर धरायची, मगच आवळायचा.

हे सगळं एकदा केल्यावर कुणालाही ते पुन्हा करायला नको असतं, म्हणून तेलाबद्दल थोडं. तीन जागांना तीन जाडीची तेलं लागतात. रोटरच्या अंगाला सगळ्यात पातळ, बेअरिंगांना त्याहून घट्ट, लिव्हरच्या सांध्यांना आणखी घट्ट. एकच बाटली सगळीकडे वापरली तर पातळ तेल बेअरिंगमधून निघून जातं आणि धातू धातूवर खडखडतो, किंवा घट्ट तेल रोटरच्या अंगावर जाऊन त्याला मंद करतं. बिजागऱ्यांवर फवारायचं घरगुती तेल आत घालू नका. ते सुरुवातीला छान मोकळं करतं आणि उडून गेल्यावर चिकट राप मागे ठेवतं. वाद्याला आंघोळ घातलीत तर त्याच दिवशी, पाणी निथळल्याबरोबर, सगळ्या जागांना तेल हवंच. साबणाने जुनं तेल धुऊन निघालेलं असतं, घरात थोडं पाणी उरतं, आणि ते वाळताना त्यातले क्षार नेमके फटीत बसतात. स्वच्छ धुतलेलं वाद्य दोन दिवसांनी पेटीतून काढलं आणि चारही रोटर अडकलेले, असं घडतं ते यामुळे. बरेच दिवस वाजवणार नसाल तर ठेवण्याआधी सगळ्या स्लाइडमधून भरपूर तेल सोडा आणि अधूनमधून पेटी उघडून प्रत्येक लिव्हर काही वेळा दाबा. स्लाइड ओढताना तिचा व्हॉल्व्ह दाबून धरा, म्हणजे आत पोकळी होऊन ताण येत नाही.

वाद्य दुरुस्तीकाराकडे न्यायची वेळ आली तर तोवर काय काय केलंत ते सगळं सांगा: कोणतं तेल घातलं, किती दिवस ठेवलं, ऊब दिली का, हातोडी लावली का, व्हिनेगर वापरलं का. ठोक्यांचं लपवलंत तर त्याला पसरलेला दांडा दिसतोच, पण कारण शोधण्यात त्याचा वेळ जातो. आणि सुटे काढलेले स्क्रू, आर्म, दोरा, झाकण सगळं एका छोट्या पिशवीत, प्रत्येक व्हॉल्व्हचं वेगळं, चिठ्ठी लावून द्या.